आत्या आमच्यातलीच

हे लिहायला मला आमच्या डॉक्टर मॅडमनी बसवलं. मुलुंड पूर्वेला त्यांचा दवाखाना आहे, खाली मेडिकल आणि वर ब्युटी पार्लर असलेल्या इमारतीत. बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या बायकांना वाचायला काहीतरी ठेवावं असं त्यांच्या मनात होतं. "पुस्तकी माहिती नको, ती मी सांगेन. तुला काय झालं आणि कसं झालं ते लिही," म्हणाल्या. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. 'आता नीट दिसतंय का' हे लोकांना दिवसभर विचारायचं, एवढंच माझं काम. लिहिण्याशी संबंध शाळेबरोबर सुटला. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी, आणि नंबर आला की हे अर्धवट सोडून आत जावं.

मी पेशंट नव्हतेच

त्या दिवशी मी सासूबाईंचं प्रेशर तपासायला आले होते. मॅडमनी तेव्हा नुकतीच एक सवय लावून घेतली होती. बाई खोकल्यासाठी येवो की पायाच्या कुरुपासाठी, तिला विचारायचं: घरात कोणाला कॅन्सर झालाय का? स्तनाचा, अंडाशयाचा? कमी वयात कोणी गेलंय का? सासूबाईंना विचारून झालं आणि त्या माझ्याकडे वळल्या. मी पटकन "नाही, कोणालाच नाही" म्हणाले. मला घरी जाऊन कणीक भिजवायची होती.

सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधलेला. त्या तशाच म्हणाल्या, "नाय कसा? तुझी आते कशान गेली मगे? पोट ह्या एवढा झालेला तिचा. मी बघूक गेललंय."

आमच्या सासूबाई मालवणकडच्या. माझं माहेर त्यांच्या शेजारच्याच वाडीतलं, त्यामुळे माझ्या घराण्याची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

"अहो आई, ती आमच्यात नाही धरत," मी म्हटलं. "ती दिलेली ना."

मॅडमनी कानातला स्टेथोस्कोप काढला. "दिलेली म्हणजे?"

"म्हणजे लग्न करून दिलेली, कुर्ल्याला. ती त्यांच्या घरची झाली."

"वडिलांची सख्खी बहीण?"

"सख्खी."

"अगं, आडनाव बदलतं. अंडाशय माहेरचंच राहतं."

सासूबाई एवढ्या हसल्या की प्रेशर परत मोजावं लागलं. मला हसू आलं नाही. मी काही लपवलं नव्हतं हो. आमच्याकडे असंच मोजतात. लेक दिली की ती तिकडची. तिचं सुतकसुद्धा आम्हाला कमी दिवसांचं. मग तिचं दुखणंही तिकडच्याच घराच्या खात्यात जातं. त्यात माझी समजूत अशी की बायकांचे आजार यायचेच तर आईकडून येणार. आईकडे सगळ्या ठणठणीत, मग प्रश्नच मिटला. बाबांकडून बाईचा आजार येईल हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच चष्मा लावायला सांगितला असता.

मॅडमनी मला तिथेच समजावलं. एकाच घराण्यात अशी दुखणी परत परत येतात, तेव्हा कधी कधी त्यामागे जन्मापासून अंगात असलेला एक दोष असतो. तो आईकडून येतो तसाच बापाकडूनही. रक्ताच्या तपासणीत कळतो. दोष असला म्हणजे आजार होईलच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात जायला चिठ्ठी दिली. सासूबाईंचं प्रेशर मात्र नॉर्मल निघालं.

शकूआत्या

घरी येताना रिक्षात मी चिठ्ठी उलगडून परत परत बघत होते. भीती वाटत होती असं नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी आत्याबद्दल विचारलं होतं, त्याचंच काहीतरी होत होतं.

शकूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आम्ही तेव्हा कांजूरमार्गला राहायचो, बाबा अजून तिथेच राहतात. दिवाळीला आणि मे महिन्यात आत्या कुर्ल्याहून यायची, बरोबर तिची मुलगी वैशाली. वैशू माझ्याहून एक वर्षाने लहान. आत्या आम्हा दोघींना एका मोरीत घालून एकाच तांब्याने आंघोळ घालायची. वेण्या घालताना इतकी खेचून घालायची की डोळे तिरळे व्हावेत. हसताना तोंडात पदर कोंबायची, तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. ती आली की आमच्या आईचाही आवाज चढायचा. ती गेली की घर दोन दिवस कसंनुसं व्हायचं.

एका मे महिन्यात ती पोट घेऊनच आली. चाळीतल्या बायकांनी चेष्टा केली, "शकू, दुसरं का गं?" ती लाजली. दिवस गेलेले नव्हते, पोटात पाणी झालं होतं. बाबांनी तिला ठेवून घेतलं, डॉक्टर केले. थोड्या दिवसांनी तिच्या घरचे न्यायला आले. आमच्या सुनेला माहेरी काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं. बाबा उंबऱ्यात उभे होते. "दिलेली मुलगी. आपण काय बोलणार," एवढं म्हणाले आणि बाजूला झाले. ती कुर्ल्याला गेली आणि पावसाळा संपायच्या आत गेली. तेराव्याला बाबांची आणि तिच्या नवऱ्याची कडाक्याची भांडणं झाली. त्यानंतर वैशू आमच्याकडे आली नाही. तिच्या लग्नात मामा म्हणून दुसराच कोणी उभा राहिला, हेही आम्हाला गावच्या माणसांकडून कळलं.

माणूस मेलं की रडता येतं. वैशू तर जिवंत होती, कुर्ल्यात, आमच्यापासून चार-पाच स्टेशनांवर. तिच्यासाठी कधी रडायचं हे मला कधीच कळलं नाही.

कळलं तो दिवस

रक्त दिलं, वाट बघितली, विसरल्याचं नाटक केलं. रिपोर्ट आला तेव्हा हॉस्पिटलातल्या बाईंनी सगळं नीट समजावलं होतं, पण डोक्यात काही शिरलं नाही. म्हणून मी परत आमच्या मॅडमकडे आले. त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. त्या टेबलाच्या अलीकडे येऊन बसल्या तेव्हाच मला कळलं.

दोष माझ्यात होता. पुढे स्कॅन झाला आणि डाव्या स्तनात एक गाठ सापडली, माझ्या हाताला कधी लागलीच नव्हती एवढी लहान. "लवकर सापडली, मनीषा," स्कॅनचा रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मला भूक लागलीय. खरंच लागली होती. खाली जाऊन मी उभ्या उभ्या दोन इडल्या खाल्ल्या आणि दुकानात गेले. एका काकांना नवीन चष्मा द्यायचा होता. त्यांनी तो लावला, बाहेर रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय झकास दिसतंय गं." मी मागे स्टॉक ठेवायच्या खोलीत जाऊन रडले.

मॅडमनी त्या दिवशी आणखी एक विचारलं होतं. "आत्याला मुलगी आहे?"

"आहे."

"तिच्यात असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तिला कळायला हवं. ती चाळिशीची ना? उशीर नको."

पुढे किती वेळा ऑपरेशनच्या, औषधांच्या, रजेच्या गोष्टी बोलून झाल्या, तरी प्रत्येक खेपेला उठताना मॅडमचा तोच प्रश्न, "आत्याच्या मुलीला सांगितलंस?" माझी गाठ सापडली होती. वैशूची असलीच तर कुठेतरी निवांत बसून होती, आणि त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं.

बाबा

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा कांजूरमार्गला एकटेच असतात, स्वतःचं रांधून खातात. त्यांना सांगायला मी आणि नवरा गेलो. बाबा गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, नंतर वॉचमनकी केली. बोलणं मोजून मापून. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "आयेक पण छातीत गाठ होती. पिकली. मी लहान होतो."

त्यांची आई म्हणजे माझी आजी. तिच्याबद्दल 'दृष्ट लागली' एवढंच आम्हाला माहीत.

"मग हे माझ्या अंगातून गेलं तुझ्यात?"

"बाबा, असं नसतं."

"तसंच असतं. तू सांगितलंस आत्ता."

त्यांचीही तपासणी झाली आणि तसंच निघालं. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, कपाळावर हात मारून घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी घेऊन रोज मुलुंडला यायला लागले. डबा ठेवायचे, पाणी प्यायचे, जायचे. माझ्याकडे सरळ बघायचे नाहीत. मला ओरडावंसं वाटायचं की बाबा, जरा बसा हो. बसले असते तर दोघंही रडलो असतो. म्हणून मीही सांगितलं नाही.

हॉस्पिटल

गाठ डावीकडे, पण दोष सगळ्या अंगातच, म्हणून दोन्ही स्तन काढायचं ठरलं. अंडाशयं नंतर काढायची. बायांनो, ठरवलं ते मी. डॉक्टरांनी समोर पर्याय ठेवले, नवऱ्याने 'तू म्हणशील ते' म्हणून हात वर केले. त्याचा मला तेव्हा फार राग आला. मला कोणीतरी 'नको काढू' म्हणणारं हवं होतं, म्हणजे मला भांडून 'काढणार' म्हणता आलं असतं. तो घाबरला होता. घाबरला की तो घरात दुरुस्त्या काढतो. त्या महिन्यात आमचे सगळे नळ, कड्या, पंखे ठीक झाले.

मुलगी सोळाची. तिने एकदाच विचारलं, भांडी घासता घासता, "माझ्यात पण असेल?" मी म्हटलं, असेल किंवा नसेल, मोठी झालीस की तूच ठरव तपासायचं का. ती म्हणाली, "ओके," आणि तेच भांडं बराच वेळ घासत राहिली.

ऑपरेशननंतर केमो चालू होती तेव्हाची एक गोष्ट सांगते. तिथे सकाळी लवकर जाऊन जागा धरावी लागते. माझ्या बाजूच्या खुर्चीवर गोवंडीच्या एक बाई असायच्या. त्या पहिल्यांदा मला बघून म्हणाल्या, "नई है? लिंबू लाना अगली बार से. मळमळलं की चाट." मी आणलं, उपयोग झाला. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठीच एक जास्तीचं कापून आणलं होतं. त्यांचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही, माझ्यासाठी त्या लिंबूवालीच.

केस गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या डोक्याला खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, "नारळासारखाच दिसता. काय वायट नाय." त्या बाईने मला त्या काळात एकदाही 'बिचारी' म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. पण खरं सांगू, डोक्यावर त्यांचा हात फिरत असताना मला दुसराच हात हवा होता. वेणी खेचून घालणारा. मी बेचाळीस वर्षांची बाई, लेकीची आई, आणि मला आत्या हवी होती. तिला यातलं काहीच मिळालं नव्हतं. ना स्कॅन, ना लिंबू. तिला दुखण्याचं नावसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

कुर्ला

नंबर सासूबाईंनी मिळवला. आमच्या वाडीच्या ग्रामस्थ मंडळात कोणाचं कोणाशी पटत नाही, पण फोन नंबर सगळ्यांचे सगळ्यांकडे असतात.

"कोण मनीषा?" वैशू फोनवर म्हणाली.

"मनी. कांजूरची."

तिकडे मागे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग, "बोल."

मी घाईघाईत सगळंच बोलले. आजार, बाबा, आत्या, तपासणी. ती म्हणाली, "आत्ता आठवण आली होय तुम्हाला?" आणि फोन ठेवला.

मी वाट बघायची नाही असं ठरवलं. डोक्याला स्कार्फ गुंडाळून रविवारी कुर्ल्याला गेले. नेहरूनगरला तिचं घर. दार तिनेच उघडलं. मला बघितलं, स्कार्फ बघितला, आणि बाजूला झाली. मग म्हणाली, "बस. चहा चालतो तुला?"

चहा ठेवता ठेवता तिने पाठ करून बोलायला सुरुवात केली. समोर बघून तिला ते जमलं नसतं.

"आई शेवटी मामा मामा करत होती, मनी. सारखी. पप्पांनी पाठवलंच नाही कोणाला बोलवायला, ते मला मागनं कळलं. पण मी तेव्हा काय समजले माहितीये? मामा येत नाहीये. मी खिडकीत बसायची. रोज. मामा येणार आणि आईला परत घेऊन जाणार कांजूरला."

बाबांना कोणी बोलावलं नाही हे खरं, आणि न बोलावता जायला त्यांच्या पायात 'दिलेली मुलगी' आडवी आली हेही खरं. मी म्हटलं, "तू कितीपण शिव्या दे. पण टेस्ट कर."

"कळून काय करू? हे असं?" तिने माझ्या छातीकडे हात केला.

"हो. हे असं. मी आहे ना पण. चहा पितेय ना तुझ्यासमोर."

ती हसली नाही. कपात साखर जास्त पडली होती, तरी मी सगळा चहा प्यायले. निघताना तिने जिन्यापर्यंत सोडलं, टेस्टबद्दल अवाक्षर काढलं नाही. पायऱ्या उतरताना मला दम लागत होता, आणि मनात एकच, की ही परत हातातून जाणार आणि ह्या वेळी कायमची.

आठवडा गेला असेल. मी केमोच्या खुर्चीवर असताना फोन वाजला. "कुठे यायचं रक्त द्यायला?" वैशू म्हणाली. "आणि मामाला पण सांग यायला."

बाबा सांगितलेल्या वेळेच्या फार आधी हॉस्पिटलच्या गेटवर जाऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. वैशू आली. तिनेच त्यांच्या दंडाला धरलं. "मामा, किती बारीक झालास रे," म्हणाली. बाबांनी मान हलवली, बस एवढंच. पण आत जाताना तिने धरलेला दंड त्यांनी सोडवून घेतला नाही.

वैशूचा रिपोर्ट

ती म्हणाली, मी एकटी ऐकणार नाही. म्हणून रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी आमच्या मॅडमकडे आलो. तोपर्यंत माझ्या डोक्यावर जेमतेम बोटभर केस आले होते. मी बाकावर बसून देवाला जे काही कबूल करत होते ते इथे लिहीत नाही, सगळं फेडायचं बाकी आहे.

मॅडमनी रिपोर्ट वाचला. ह्या वेळी त्या टेबलाच्या पलीकडेच बसून राहिल्या. "वैशाली, घरातला तो दोष तुझ्यात नाही," त्या म्हणाल्या. "इतर कुठल्याही बाईला असतो तेवढाच धोका तुला. तुझ्या मुलांनाही तुझ्याकडून ते जाणार नाही."

मी डोळे मिटले. इतकं हलकं मला माझी केमो संपली तेव्हाही वाटलं नव्हतं. वैशू "थँक्यू मॅडम" म्हणाली, पर्स घेतली, बाहेर आली. बाकावर बायका होत्या, आम्ही जिन्याच्या वळणावर उभ्या राहिलो. मी तिला म्हणाले, "सुटलीस गं बाई. आता मामाला फोन लाव."

तिने फोन लावला नाही. भिंतीकडे बघत होती. मला वाटलं आनंदाने रडतेय.

"मी पप्पांवर गेलेय, मनी," ती म्हणाली. "सगळे म्हणतात. नाक, रंग, सगळं त्यांचं. आईचा एक फोटोपण धड नाही माझ्याकडे. मला वाटलेलं हे तरी असेल. वेड लागलंय का मला? मला खरंच वाटलं, हे तरी आईचं असेल माझ्यात." मग माझ्याकडे वळली. "आई तुला आली. मला काहीच नाही."

मी तिला झापणार होते. जे नाही म्हणून देवाला नारळ फोडायचे त्यासाठी कोणी रडतं का. पण माझ्याच्याने झालं नाही. मी तिला जवळ ओढलं. मी तिच्याहून थोडी उंच आहे, त्यामुळे तिचं डोकं माझ्या छातीवर आलं, जिथे आता नुसती सपाट हाडं आणि व्रण आहेत. ती अंग चोरून थांबली, मला दुखेल म्हणून. "टेक," मी म्हटलं. तिने डोकं टेकवलं आणि दोन्ही हातांनी मला घट्ट धरून आई आई म्हणत रडली. मी तिला गप्प केलं नाही.